आजचं रत्न

त्या घरातून रोज सकाळी तीन माणसं एकाच कामाला जात. नवरा फिटर, बायको यंत्रं चालू-बंद करायच्या पॅनेलवर, आणि धाकटा दीर चादरींच्या घड्या घालायला. गावाबाहेर एक मोठी लॉन्ड्री होती. लॉन्ड्री कसली, कारखानाच तो! इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ट्रक भरभरून यायच्या आणि धुऊन, वाळवून, घड्या होऊन परत जायच्या. घरी एकटी सासू राहायची. तिघं निघताना तिचं वाक्य ठरलेलं असायचं, "डबे घेतलेत का, की मला मागून धावायला लावताय?"

त्या दिवशीही डबे घेतले गेले, दिराची एक चप्पल नेहमीप्रमाणे सापडेना, आणि तेवढ्यात तिघांचे फोन एकदम वाजले. तिघांनी एकदम खिशात हात घातले.

"उठला वाटतं तुमचा साहेब," सासू म्हणाली.

कामाच्या ग्रुपवर मॅनेजरनं लिहिलं होतं, "आज उशीर चालणार नाही. कारणं नकोत." नमस्कार नाही, कुणाला उद्देशून ते नाही, कसला उशीर तेही नाही. तिघांनी मुकाट्यानं अंगठे टाकले. असा अंगठा टाकायला उशीर झाला तरी तो उशीरच धरला जायचा.

हा मॅनेजर समोरासमोर वाईट माणूस नव्हता बरं का. जिन्यात भेटला तर "काय, बरं आहे ना?" विचारायचा. कुणाच्या मुलाला ताप आला तर लवकर सोडायचा. पण फोन हातात आला की याच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे! जे तोंडावर बोलायला कुठल्याही भल्या माणसाची जीभ रेटणार नाही, ते हा अंगठ्यानं बिनदिक्कत लिहायचा. आणि लिहायचा तेही अर्धवट. कामाची अर्धी गोष्ट याच्या डोक्यात राहायची, अर्धी ग्रुपवर यायची, आणि डोक्यात राहिलेली अर्धी कुणी विचारली की झालं, त्याचं "आजचं रत्न" व्हायचं.

हे रत्न प्रकरण त्यानंच काढलेलं. दिवसभरात ज्यानं कुणी ग्रुपवर प्रश्न विचारला असेल, त्याचा फोटो संध्याकाळी डोक्यावर मुकुट काढून ग्रुपवर यायचा. खाली प्रश्न जसाच्या तसा, आणि मग सगळ्यांनी हसायचं. हसायचं म्हणजे हसणारे चेहरे टाकायचे. जो टाकणार नाही, त्याचा दुसऱ्या दिवशी नंबर. असं हे हसणं. पोट दुखेपर्यंत नाही, पोटासाठी हसणं! आणि मालकीणबाई, त्याही त्या ग्रुपवर होत्या, त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

आदल्या आठवड्यात पॅनेलवालीची पाळी आली होती. मॅनेजरनं लिहिलं होतं, "अर्जंट गाडी आधी घ्या." दारात गाड्या दोन उभ्या. तिनं सरळ विचारलं, "साहेब, इस्पितळाची की हॉटेलची?" यात हसण्यासारखं काय आहे, सांगा बरं! संध्याकाळी तिच्या डोक्यावर मुकुट, आणि खाली ओळ, "बाईंना गाडीचं लग्न लावायचं आहे, पत्रिका पाहून सांगतो." हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक चेहरा तिच्या नवऱ्याचा होता.

घरी आल्यावर तिनं डबा मोरीत आपटला.

"तुम्हीपण हसलात?"

"अगं, नसतो हसलो तर उद्या माझा मुकुट."

"म्हणून बायकोला हसायचं?"

"चेहरा टाकला फक्त. खरं कुठे हसलो मी?"

"मग मला खरं रडू का आलं हो?" ती म्हणाली. फिटर तिच्या मागे स्वयंपाकघरात गेला आणि भांडी विसळायला लागला.

वाईट त्यालाही वाटत होतं. त्याचाही मुकुट होऊन गेला होता. चादरी वाळवायच्या ड्रायरच्या वीजपेटीला पूर्वी एक कुलूप असायचं. आत माणूस काम करत असला की पेटी बंद करून किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे बाहेरून कुणी चुकूनसुद्धा यंत्र चालू करू शकत नाही. ते कुलूप मोडलं, आणि यानं ग्रुपवर नवं मागितलं. "फिटरसाहेबांच्या घरी तिजोरी आली वाटतं," असं उत्तर आलं. नंतर त्यानं पुन्हा मागितलं नाही. माणसाला मरणाची भीती वाटते म्हणतात. खोटं आहे ते. चारचौघांत हसं होण्याची भीती त्याहून मोठी असते, आणि हे त्या मॅनेजरला पक्कं ठाऊक होतं.

तर, तो दिवस. वाळवणीच्या यंत्रांपैकी तीन नंबर आणि चार नंबर बंद होते. हे ड्रायर खोलीएवढे असतात. आतल्या पिंपात माणूस वाकून शिरू शकतो. चालू-बंद करायचं पॅनेल मात्र भिंतीपलीकडे, काचेच्या खोलीत. तिथून ड्रायर दिसत नाहीत, आणि धुण्याच्या यंत्रांचा गोंगाट इतका की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. बाकीची यंत्रं चालू असताना पॅनेल सोडून उठायचं नाही, असा नियम होता. म्हणजे पॅनेलवाल्या बाईचे डोळेही तो ग्रुप आणि कानही तो ग्रुपच.

फिटरनं चार नंबर दुरुस्त केला. मॅनेजर तिथून जात होता. "झाला? बरं. आता तीनमध्ये जरा बघ, चादर अडकलीय पट्ट्यात," असं तो तोंडी, चांगल्या शब्दांत बोलला. फिटर तीन नंबरमध्ये शिरला. मॅनेजर जिना चढायला लागला आणि चढता चढता त्यानं ग्रुपवर लिहिलं, "झालं. चालू करा."

काय झालं? काय चालू करा? त्याला माहीत होतं. पण लिहिणाऱ्याला माहीत असून काय उपयोग?

पॅनेलवालीनं ते वाचलं. तिला एवढंच माहीत होतं की नवरा आज दोन्ही ड्रायर बघणार होता. झालं म्हणजे दोन्ही झाले, की एकच? तिनं लिहायला घेतलं, "साहेब, दोन्ही चालू करू का..." कुणी लिहायला लागलं की सगळ्यांना ते दिसतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मॅनेजरचं आलं, "काय टाइप करताय एवढं? कादंबरी लिहिताय का? गाडी उभी आहे!"

त्याखाली लगेच एक हसणारा चेहरा. मग दुसरा, मग पाच-सहा.

तिनं लिहिलेलं पुसलं. अंगठा टाकला. आणि दोन्ही बटणं दाबली.

भिंतीपलीकडून जी किंकाळी आली ती त्या सगळ्या गोंगाटाच्या वर आली. तिनं लाल बटणावर मूठ आपटली, सगळी यंत्रं थांबली, ती धावत पलीकडे गेली. तिच्या नवऱ्याचा उजवा हात पट्ट्यात होता.

जीव वाचला. हात कोपराच्या खाली कापावा लागला. ज्या हातानं त्यानं त्या लॉन्ड्रीतली सगळी यंत्रं चालती ठेवली होती, तो हात.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर इस्पितळात आला. फळं घेऊन आला, खरंच हळहळला, आणि जाताना पॅनेलवालीला बाहेरच्या बाकावर बसवून म्हणाला, "मी एक मजकूर पाठवलाय तुम्हाला. तेवढा ग्रुपवर टाका. म्हणजे चौकशी लांबणार नाही, आणि तुमच्या दोघांच्या नोकरीचंही मला वर बोलता येईल."

मजकूर असा होता, "माझ्या घाईमुळे आणि सूचना नीट न वाचल्यामुळे अपघात झाला. याबद्दल मी सर्वांची माफी मागते. मॅनेजरसाहेबांनी वेळेवर मदत केली, त्यांची आभारी आहे."

बघा, याला सुसंगत, पूर्ण, अदबीनं लिहिता येत होतं! स्वतःची कातडी वाचवायची वेळ आली तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"वहिनी, टाकून दे," साहेब गेल्यावर दीर म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "दादाचा हात तर परत येत नाही. निदान नोकरी तरी राहील."

"भावजी, बटण मी दाबलं. मी कुणापासून लपवलेलं नाही, आणि जन्मभर माझं मन मला ते विसरू देणार नाही. पण 'सूचना नीट न वाचल्यामुळे'? काय वाचायचं होतं मी? तीन शब्द होते!"

"साहेबाशी वाकडं घेऊन आपलं कसं भागणार?"

"आणि सरळ राहून काय भागलं?" ती म्हणाली.

आत खाटेवर फिटर जागा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ती आत आली तेव्हा तो डाव्या हातानं पांघरूण ओढायची खटपट करत होता. म्हणाला, "तू काही टाकू नकोस. माझ्यासाठी तर अजिबात नको."

आठवड्यानं मालकीणबाई स्वतः आल्या आणि इस्त्रीच्या दालनात सगळ्यांना जमवलं. मॅनेजरनं हकिगत सांगितली. शेवटी पॅनेलवालीकडे वळून अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बाई, शंका होती तर विचारायचं ना! विचारायला कुणी अडवलं होतं का?"

क्षणभर वाटलं, ही आता रडणार. रडली नाही.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही ग्रुपवर जे लिहिलंत ते इथे सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मोठ्यानं."

"ते कशाला आता..."

"वाचा ना. तुमचंच आहे. लिहिताना नाही लाज वाटली, वाचताना कसली?"

त्यानं फोन काढला. "झालं, चालू करा," एवढं वाचलं. पुढचं वाचायला त्याचं तोंड उघडेना. ज्याचा हात गेला तो माणूस समोर नव्हता, तो इस्पितळात होता, पण त्याची बायको उभी होती, आणि तिच्याकडे बघून "कादंबरी लिहिताय का" म्हणणं त्याला जमेना. मालकीणबाईंनी स्वतःच्या फोनवर ते वाचलं आणि मान खाली घातली.

"मालकीणबाई, तुम्ही तर रोज वाचत होतात," पॅनेलवाली म्हणाली.

"मला वाटायचं, गंमत चाललीय तुमची आपापसांत," मालकीणबाई पुटपुटल्या.

मागून आवाज आला, "त्याच्याखाली पहिला हसणारा चेहरा माझा आहे." दीर पुढे आला. "वहिनी विचारत होती आणि मी हसलो. माझा सख्खा भाऊ आत होता. मी साहेबांना खूश करत होतो."

कुणी त्याला धीर दिला नाही, कारण बाकीच्यांचे चेहरेही त्याच रांगेत होते.

पॅनेलवाली म्हणाली, "तो माफीचा मजकूर मी टाकणार नाही. आणि यापुढे कुठलं यंत्र, काय काम झालं, आत कोण आहे, हे पूर्ण लिहून येत नाही, तोवर मी बटणाला हात लावणार नाही. वीजपेटीला कुलूप येत नाही, तोवरही नाही. कुणाला काढायचं असेल त्यानं मला काढावं."

इस्त्रीवरच्या दोन बायका तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. काही जण जागचे हलले नाहीत, हेही खरंच सांगितलं पाहिजे. पण बटणं दाबायला दुसरं कुणी पुढे झालं नाही. दुपारपर्यंत दारात चादरींचे ढीग छातीला लागले, इस्पितळातून फोनवर फोन आले, आणि मग कुलूप आलं. बाजारात मिळतं ते, कोपऱ्यावरच्या दुकानात.

त्यानंतर ग्रुपवर मॅनेजरचा संदेश आला. संध्याकाळी दिरानं तो भावाच्या खाटेशी बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवला, "नमस्कार. तीन नंबर ड्रायरची दुरुस्ती पूर्ण झाली आहे. आत कुणी नाही, मी स्वतः पाहून आलो. कुलूप काढलं आहे. कृपया फक्त तीन नंबर चालू करा. काही शंका असल्यास जरूर विचारा."

म्हातारीनं नीट ऐकून घेतलं.

"एवढं लिहायला किती वेळ लागतो रे?"

"कितीसा लागणार आई? अर्धं मिनिट."

"अर्धं मिनिट!" म्हातारी उसळली. "मग त्या दिवशी लिहायला काय हात मोडले होते का मेल्याचे?"

बोलून गेली आणि तिची नजर पोराच्या रिकाम्या बाहीवर गेली.