ग्योक आमाचा हिरवा कुकर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला शिट्टी मारता येत नाही. कुकर म्हटलं की तुम्ही शिट्ट्या मोजायला बसाल, म्हणून सांगितलं. मी तैवानमधला, विजेवर चालणारा एक जुना हिरवा कुकर आहे. माझ्या पोटात एक भांडं बसतं. भांड्यात तांदूळ घालायचे आणि भांड्याच्या बाहेर, माझ्या पोटात, थोडं पाणी. त्या पाण्याची वाफ होऊन गेली की माझं बटण टक्‌कन वर उडतं आणि भात तयार. एवढंच काय ते माझं शिक्षण.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. चाओचोऊ गावच्या ग्योकच्या लग्नात तिच्या मामाने मला आहेरात दिलं. नवी नवरी ग्योक माझं झाकणसुद्धा हळूच ठेवायची. तिच्या मुलाची पहिली पेज माझ्यात शिजली आणि नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यातलं सूपही माझ्यातच. तोवर सारं गाव तिला ग्योक आमा, म्हणजे ग्योक आजी म्हणू लागलं होतं. पुढे मुलगा कॅनडात नोकरीला गेला. जाताना आईला, भात झाला की गाणं म्हणणारा एक नवा कुकर देऊन गेला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. झुरळं सोडली तर कुणी विचारेना. फार वाईट वाटलं मला. पण खरं सांगू का, तो गाणारा पाहुणाही रिकामाच बसून असायचा. एकटीसाठी कोण रांधत बसतं? आमा पाण्यात बिस्किटं बुडवून खायची आणि झोपायची.

मग वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. दोन तरुण मुलं, ख्रिस्ती धर्मातल्या मॉर्मन पंथाचे प्रचारक. पांढरा शर्ट, गळ्याला टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि त्या उन्हात दिवसभर सायकल. जिथे जायचं तिथे जोडीनेच, हा त्यांचा नियम. कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकट्याने जायचं नाही. आणि त्यांना म्हणायचं एल्डर, म्हणजे वडीलधारे. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि म्हणे वडीलधारे, असं म्हणून आमा पोट धरून हसायची. मोठा एल्डर फिफिता टोंगा बेटावरचा, दारातून तिरका होऊन आत शिरणारा. दुसरा एल्डर हॅच अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरून नुकताच आलेला, नुसता काडी पहिलवान.

गावात बहुतेक दारं त्यांच्या तोंडावर बंद व्हायची. आमानेही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुमचा देव तुम्हाला लखलाभ. मला माझी समुद्रदेवी पुरे आहे. पण पोरांनो, तो गॅसचा सिलेंडर तेवढा पडवीत ठेवा." मुलांनी टाय खांद्यावरून मागे टाकले आणि सिलेंडर उचलून पडवीत ठेवला. मग तुंबलेलं गटारही मोकळं केलं.

आमच्या गावात कुणी भेटलं की "जेवलास का?" असं विचारतात. उत्तर ठरलेलं असतं, "जेवलो." दोघंही आपापल्या वाटेने जातात. हॅचला हे कुठलं ठाऊक? त्याला भाषेचे चार शब्द येत, आणि खोटं बोलायचं नाही ही घरची शिकवण. दुसऱ्या दिवशी सकाळी आमाने विचारलं, "जेवलास का?"

"नाही, आमा," तो म्हणाला.

आमा बघतच राहिली. सत्तर वर्षांत तिला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ती आत गेली, घाईघाईने रताळ्याची पेज केली, खारवलेला मुळा घालून ऑम्लेट केलं आणि दोघांना पडवीतल्या स्टुलांवर बसवलं. एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही हाही त्यांचा नियमच, म्हणून पडवीत. त्यांनी चहा नको म्हटल्यावर ती म्हणाली, "कसला बाई तुमचा देव, घोटभर चहा पिऊ देत नाही." मग तीही त्यांच्यासोबत दोन वाट्या पेज प्यायली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी आमाने मला जिन्याखालून ओढून काढलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि जिन्यात उभी राहून हॅचच्या हातात दिलं. "सकाळचं मी बघते. रात्री तरी शिजवून खात जा."

पहिल्या रात्री त्या शहाण्याने भांडं बाजूला ठेवून तांदूळ थेट माझ्या पोटात ओतले. जळका वास खाली पोचला आणि आमाचं हसू वर आलं. हळूहळू तो शिकला. तांदूळ धुताना मात्र तो नळ मोठा सोडायचा, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आईला फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती. अशा दिवसांत सकाळची ती पडवीच त्याला तारून नेत होती.

आणि एका रविवारी घोटाळा झाला. त्यांच्या प्रार्थनामंदिरातल्या वूभाऊंना हॅचने आमाच्या पेजेचं कौतुक सांगितलं. वूभाऊ हसून हसून लाल झाले. "अरे बाबा, ते नुसतं 'कसा आहेस' म्हणण्यासारखं असतं. 'जेवलो' म्हणायचं आणि पुढे व्हायचं."

घरी आल्यावर हॅच फिफितावर उखडला. "तुला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीस? रोज भीक मागितल्यासारखं झालं हे."

"बोलणार होतो," फिफिता म्हणाला. "पण तोंडात पेज होती."

दुसऱ्या दिवशी हॅचने वर कोरडा पाव गिळला आणि खाली जाऊन म्हणाला, "जेवलो, आमा." आमा "बरं," म्हणाली आणि आत गेली. तिला वाटलं, पोरांना आपल्या हातचं नको झालं. त्यानंतर खालून फोडणीचा वास येईना. मी वर खिडकीपाशी असतो, मला कळतं ना. म्हातारीला रांधायला निमित्त हवं होतं आणि पोराला विचारणारं माणूस. एका शब्दापायी दोघंही उपाशी राहिली. माझा जीव तुटत होता, पण मी पडलो कुकर, बोलणार काय?

"पेजेचं पातेलं रोज पालथंच दिसतं," एका सकाळी हॅच म्हणाला. "चल माझ्याबरोबर."

आमा पडवीत बसली होती. गालफडं बसली होती तिची. हॅच समोर उकिडवा बसला. त्याची सगळी भाषा तिच्याच तोंडून उचललेली, म्हणून तो तिला अगंतुगंच करायचा.

"आमा, जेवलीस का?"

"जेवले."

तो उठला नाही. हलला नाही. तिच्याकडे बघत बसून राहिला. आमाने पदराची सवय नसलेल्या बाया करतात तसा बाहीनेच डोळा पुसला.

"नाही रे," ती म्हणाली. "कालही नाही."

तेव्हा फिफिता तीन-तीन पायऱ्या उतरत मला घेऊन खाली आला. पडवीत वायर लावली. हॅचने तांदूळ धुतले, भांड्यात घातले, पाणी जिथे घालायचं तिथेच घातलं. मित्रांनो, आयुष्यात मी हजारो वेळा भात शिजवला, पण त्या दिवशी माझं बटण उडालं तेव्हा तिघंही एकदम माझ्याकडे वळली. भात थोडा गिच्च झाला होता. "आयडाहोत असाच करतात का?" असं म्हणत आमाने वाटी पुन्हा पुढे केली.

पुढे फिफिताची दुसऱ्या गावी बदली झाली आणि त्याच्या जागी एल्डर रीव्ह्ज नावाचा कोरा करकरीत मुलगा आला. हॅचने त्याला बजावलं, "सकाळी आमा विचारील, जेवलास का. तू 'नाही' म्हणायचंस."

"पण ते खोटं होईल ना?"

"म्हणून तर आधी काही खायचं नाही."

मग हॅचही घरी गेला. किती जोड्या आल्या नि गेल्या, पण वरची पोरं अजून रिकाम्या पोटी जिना उतरतात. मला पोचे पडलेत, एक कान तुटलाय. मित्रांनो, जुनी भांडी भंगारात टाकण्याआधी एकदा त्यांच्यात भात लावून बघा. आणि तुमच्याकडेही म्हणे दारी आलेल्याला "जेवलात का?" म्हणायची रीत आहे. विचारा, जरूर विचारा. फक्त "जेवलो" ऐकलं की लगेच उठू नका. थोडा वेळ बसा.