सगळ्या डाव्या बाह्या

मास्तरांनी कारखाना लेकीच्या हवाली केला होता, पण जिभेचा ताबा काही सोडला नव्हता. रोज सकाळी शिलाईच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि ज्याच्या त्याच्या कामात नाक खुपसायचे. लेक "हो बाबा" म्हणायची आणि स्वतःला पटेल तेच करायची.

त्या दिवशी मात्र हॉल चिडीचूप होता. इस्पितळातल्या नर्सबाईंचे साठ कोट दुसऱ्या दिवशी द्यायचे होते आणि कापून आलेल्या एकशे वीस बाह्यांत उजवी एकही नव्हती. सगळ्या डाव्या! कापड एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने साधं. कापायच्या आधी एक थर सुलटा, एक उलटा अंथरायचा, म्हणजे एकाच कापात डाव्या-उजव्या जोड्या निघतात. इथे सगळे थर सुलटेच. पहिल्या आठवड्यानंतर शिकाऊ माणूसही असं करत नाही, आणि केलं कोणी, तर सरळ्याने! सव्वीस वर्षं कात्री चालवणारा, रेघेपासून केसभरही न ढळणारा, म्हणून मास्तरांनीच त्याला हे नाव दिलेलं.

"मास्तर, मी उद्यापासून येत नाही," सरळ्या मान खाली घालून म्हणाला.

मास्तरांचा पारा चढलाच होता. तोंड उघडणार, तेवढ्यात लेकीने सरळ्यापुढे स्टूल सरकवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"काका, उलट-सुलट तुम्ही कसं ओळखता?"

"चमक बघून."

"काल दिसली चमक?"

सरळ्याने डोळे चोळले. "पाच महिने झाले, ताई. दोन्ही डोळ्यांपुढे धुकं येतं. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मास्तर म्हणायचे ना, डोळ्याने दगा दिला की कात्री खाली ठेवायची. मग घरी बसून मी काय करू?"

मास्तर ते वाक्य छाती फुगवून म्हणायचे. त्याला ते शिस्त समजायचे. त्या शिस्तीला भिऊन हा माणूस पाच महिने अंदाजाने कात्री चालवत होता, बोटं शाबूत राहिली हेच नशीब. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

लेक मात्र नुसतीच मऊ नव्हती. "आजपासून कात्रीला हात लावायचा नाही," तिने ठणकावलं. सरळ्याचा चेहरा पडला. "ऑपरेशन होईपर्यंत. तोवर कापेल दुसरा, पण प्रत्येक थर तुम्ही बोटांनी चाचपून पास करायचा. टेबल तुमचंच राहील." मग ती शिवणाऱ्या बायकांकडे वळली. "साठ उजव्या आज नव्याने कापू. उरलेल्या डाव्या पुढच्या ऑर्डरीला वापरू."

"ताई," कोपऱ्यातून एक जण चाचरत म्हणाली, "माझी मशीन पण आठवडाभर टाके सोडतेय. बोलले नव्हते."

"आणखी कोणी काय लपवलंय? आत्ताच ओता सगळं!" लेक म्हणाली, आणि हॉल खो खो हसला.

मग तिने सगळ्यांसमोरच इस्पितळाच्या मोठ्या बाईंना फोन लावला. "चूक आमची आहे. एक दिवस जास्त द्या." पलीकडून हुकूम आला, "मास्तरांना फोन द्या."

एव्हाना मशिनी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मास्तरांनी फोन घेतला.

"मास्तर, तुमच्या वेळी असं कधी झालं नव्हतं," बाई म्हणाल्या.

टेबलापाशी सरळ्या कापडावरून बोटं फिरवत होता आणि दोन बायका न सांगता त्याच्या मदतीला जाऊन उभ्या होत्या.

"झालं होतं, बाई. हीच चूक. तुम्हाला कळू दिलं नाही एवढंच. त्या माणसाला मी उभ्या उभ्या हाकललं, का चुकलास म्हणून विचारलंसुद्धा नाही." त्यांनी आवाज चढवला. "ती एक दिवस म्हणाली ना, मग एकच दिवस लागेल. मला विचारू नका. मी नुसता तिचा बाप आहे!"

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या तोऱ्यात म्हटलं, की हॉलमधल्या सगळ्या मशिनी थांबल्या.