दोन पट्ट्या खाली

मी एक जुना पियानो आहे. मित्रांनो, म्हातारपणी आपले कौतुक सांगत सुटावे असे सगळ्यांनाच वाटते. मला मात्र माझी लाज सांगायची आहे.

एका कारखान्यात माझ्या पोटात दोनशेच्या वर तारा ताणून बसवल्या गेल्या. पुढे गाणे शिकवणाऱ्या एका बाईंनी मला औषधांच्या दुकानावरच्या आपल्या वर्गात आणले. मुले भिंतीला पाठ टेकून ताठ उभी राहत. ओठ फुर्र फुर्र करून गळा मोकळा करत, मग ‘आ’ म्हणत माझ्या पाच सुरांवरून वर जात नि खाली येत. दर खेपेला बाई एक पट्टी वर सरकत. ज्याचा गळा जिथे थांबेल तो सूर त्याच्या वहीत लिहीत.

वर्षे गेली, तारा गंजल्या. एकदा सूर लावणारे काका आले. त्यांनी पहिलीच तार ओढली आणि ती फटकन तुटली.

“बाई, म्हातारं झालंय हे धूड,” काका म्हणाले. “मूळ सुरापर्यंत ताणलं तर आणखी तुटतील. सगळंच काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्या खाली लावतो. आपापसात जुळेल, कानाला खटकणार नाही. पण मुलांना सांगून ठेवा हं!”

“सांगते की,” बाई म्हणाल्या.

पण उतरलेला पियानो ठेवलाय असे लोक म्हणतील, म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेले. आणि गंमत अशी, की गळे तेच, पण माझी प्रत्येक पट्टी आता खालचा सूर देत असल्याने त्या आठवड्यापासून सगळी मुले दोन-दोन पट्ट्या वर गाऊ लागली! आईबाप खूश. बाईंची वाहवा झाली, आणि त्या वाहवेत मीही छाती फुगवून उभा राहिलो.

त्याच सुमारास एका नर्सची मुलगी वर्गात आली. आवाज टिपेचा, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. तिला मुलांच्या गायकवृंदात जायचे होते. चाचणीच्या गाण्यात वरचा ‘जी’ होता. माझ्यासोबत तो तिला लख्ख लागायचा.

एके दिवशी तिची आई दारातच थबकली. “बाई, घरी फोनवर सूर लावून म्हणते तेव्हा हिचा आवाज वर अडकतो. इथेच कसा लागतो?”

“घरी पोक काढून गात असेल,” बाई म्हणाल्या.

खरे कारण मला ठाऊक होते. मला कुठे बोलता येते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढचे मी वर्गातल्या बोलण्यातून ऐकले: चाचणीच्या दिवशी तिथला पियानो खऱ्या सुरात होता. वरच्या ‘जी’वर टिटवीचा आवाज फाटला, आणि मागे कुणीतरी फिसकन हसले.

चार दिवसांनी आईने तिला जवळजवळ ओढतच वर्गात आणले. “आंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नाही हो,” आई म्हणाली.

“मला गाता येत नाही,” टिटवी जमिनीकडे बघत म्हणाली. “उगाच वाटायचं मला.”

बाईंनी माझे झाकण उघडले, मिटले. “चूक तुझी नाही, बाळा. हा पियानो दोन पट्ट्या खाली आहे. मला माहीत होतं.”

एका मुलाने आपली वही उघडून पाहिली.

“माझी पोर उशीत तोंड खुपसून रडत होती,” आई म्हणाली, “आणि तुम्हाला माहीत होतं?”

बाईंची मान खाली गेली. माझी जाते कुठे? पण गेली असती.

“म्हणजे आमचेही वरचे सूर खोटे?” एका मुलाने विचारले.

“दोन-दोन पट्ट्या कमी करा सगळ्यांच्या,” बाई म्हणाल्या. वह्यांवर खोडरबर फिरू लागले. तो आवाज मला तार तुटण्याहून बोचला.

टिटवीने विचारले, “मग माझा खरा कुठला?”

“तू इथे ‘जी’ म्हणून गातेस तो खरा दोन पट्ट्या खालचा, एफ. आज तरी तेवढाच.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाई एकेक पट्टी चढत गेल्या. एफ लागला. त्याच्या पुढच्या पट्टीवर आवाज चिरकला. आई पुढे झाली, पण टिटवीने हात वर केला.

“फाटला,” ती म्हणाली. “इथपर्यंतच आहे. एफ लिहा.”

आता माझ्या कपाळावर बाईंनी कागद चिकटवला आहे: ‘हा पियानो दोन पट्ट्या खाली आहे.’ येणारा प्रत्येक जण आधी तो वाचतो. अजून संकोच वाटतो, पण तो कागद तिथेच राहू दे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची वेळेवर निगा राखा. आणि निगा राखूनही जे उतरले असेल, ते उतरले आहे असे सांगा. कोवळा गळा आमच्या भरवशावर वर चढत असतो.