काकांनी लावलेली सवय

विमानात बसल्या बसल्या ताईने त्याच विमानतळावर मेकॅनिक असलेल्या धाकट्या भावाला फोन केला. "माझे हातपाय गार पडलेत रे."

"दोन्ही इंजिनांचं तेल सकाळी मी स्वतः पाहिलंय. खुशाल झोप काढ," मेकॅनिक म्हणाला. ताईला धीर आला. विमान उडालं.

मग दुसऱ्या विमानासाठी तेलाचे प्लग, म्हणजे इंजिनाच्या तेलाची बुचं, आणायला तो स्टोअरमध्ये गेला. या खेपेला घाई नव्हती, म्हणून त्याने प्लग फिरवून पाहिला. "याला रबरी रिंग नाही?"

"ती वेगळी मागायची असते," स्टोअरकीपर म्हणाला. "काका न्यायचे की."

काका म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले फोरमन. रिंग नसेल तर प्लगमधून तेल गळतं. पोरांना कशाला त्रास, म्हणून वर्षानुवर्षं काकाच रिंगा चढवून प्लग कपाटात तयार ठेवत. त्यांच्या या मायेमुळे रिंग बघायची असते हेच पोरं विसरली. निरोपसमारंभात काकांच्या चांगुलपणावर भाषणं झाली. कपाट आता कोण भरणार, हे विचारायचं राहिलं.

"सकाळी मला दिलेले प्लग?"

"याच खोक्यातले. का रे?"

मेकॅनिक धावत साहेबांच्या खोलीत शिरला. साहेब वायरलेसवरच होते.

"डाव्या इंजिनाचं तेल गेलं, वैमानिकाने बंद केलंय. परत फिरलाय. तू कशाला तोंड पाडतोस? उजवं ठणठणीत आहे."

"साहेब, उजव्यालाही मीच प्लग लावलाय. तसाच."

साहेब खाली बसले. "मग सांगायचं त्याला?"

"सांगून काय करेल? मध्येच उतरून रिंग बसवेल?"

तरी सांगितलं. वैमानिकाने आभार मानले. उजव्याच्या तेलाचा काटाही घसरतोय, हे तो समोर बघतच होता.

मेकॅनिकने ताईला फोन लावला. काय बोलणार होता, देव जाणे. फोन बंद. ताई नियम पाळणारी बाई.

सगळे धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले. बंबवाले आधीच आले होते. निदान त्यांना काहीतरी काम होतं. बऱ्याच वेळाने ढगाखालून विमान दिसलं.

"येतंय की सरळ!" साहेबांनी घाम पुसला. "धूर नाही, आवाज नाही."

"आवाज नाही ना, साहेब," मेकॅनिक म्हणाला.