मागचे स्पीकर

मैनानं मागच्या खिडकीतला स्पीकर उचलला, त्याची वायर हातावर गुंडाळली आणि तो परत खोक्यात नेऊन ठेवला. विनायक तोवर दुसऱ्या खिडकीत जोडीचा स्पीकर लावून स्टुलावरून खाली उतरत होता. आपण लावायचे आणि या बाईनं काढायचे, हाच खेळ दुपारभर चालणार की काय, अशा नजरेनं त्यानं स्नेहलकडे पाहिलं.

स्नेहल म्हणजे बालगटाच्या बाई. नवीन पनवेलमधल्या एका सोसायटीनं तळमजल्यावरची खोली तिला वापरायला दिली होती आणि आसपासची चार-पाच वर्षांची मुलं दुपारी तिथं गाण्यागोष्टींसाठी जमायची. सोसायटीतल्या कुणीतरी नवा टीव्ही घेतला आणि जुना गटाला देऊन टाकला. चित्र झकास होतं, पण आवाज असा की गोष्टीतला राजा आणि राक्षस दोघेही सर्दी झाल्यासारखे बोलायचे. म्हणून होम थिएटर घ्यायचं ठरलं. पैसे आयांनी आनंदमेळ्यात स्टॉल लावून जमवले होते. खरं म्हणजे मैनानं जमवले. बाकीच्यांच्या इडल्या आणि भेळ संध्याकाळी आपापल्या घरी परत गेल्या, आणि मैनाच्या तळलेल्या बोंबलांसमोर रांग मात्र हटत नव्हती. तेव्हा कुठला सेट घ्यायचा याचा शेवटचा शब्द मैनाचा, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. आता त्यांना त्याचा थोडा पस्तावा होत असावा.

विनायकचं पनवेलच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. तो ऐकवायला दोन सेट घेऊन आला होता. एक लहान, समोर दोन स्पीकर आणि खाली ढोलासारखा घुमणारा वूफर. दुसरा मोठा, पाच स्पीकरांचा, त्यातले दोन मुलांच्या पाठीमागे लावायचे. मोठा दुकानात नुसता मांडून ठेवलेला पीस होता, त्यामुळे तो लहानाच्याच भावात सोडायला तयार होता. एवढं ऐकल्यावर लहान सेट मागणारं माणूस जगात असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"वहिनी, सराउंड साउंडची मजाच मागच्या स्पीकरांत आहे," तो म्हणाला. "ते काढले तर मग उरलं काय?"

मैना म्हणाली, वायरी पायात येतात, पोरं पडतात. विनायक म्हणाला, वायर भिंतीवरून पट्टीतून नेऊ, पट्टी माझ्याकडून फुकट. मैना म्हणाली, पाठीमागून अचानक आवाज आला तर लहान पोरं दचकतात, रात्री झोपेत ओरडतात. यावर दमयंती मोठ्यानं हसली. दमयंती गटातल्या प्रितमची आई. तिच्या सासऱ्यांच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि तिच्या घरच्या हळदीला लागणारा डीजे पळस्प्यापर्यंत ऐकू जातो असं लोक म्हणायचे. ती म्हणाली, आमची पोरं पाळण्यातच डीजे ऐकतात, ती कशाला दचकतील, आणि मैना, तुझी समृद्धी तर माझ्या पुतणीच्या हळदीत सगळ्यांच्या आधी नाचायला उतरली होती.

ते खरंच होतं. आणि तीच तर सगळी पंचाईत होती.

समृद्धीला ढोल ऐकू यायचा. डीजे ऐकू यायचा, ट्रकचा भोंगा ऐकू यायचा, वूफर सुरू झाला की ती जमिनीवर तळवा टेकून खुदकन हसायची. पण पैंजण, घंटी, शिट्टी, कानाशी हळूच बोललेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. स्वतःचं नाव ती 'अमुद्दी' असं सांगायची आणि ऐकणारे तिचा गालगुच्चा घ्यायचे. उरणला घरी तर कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. तिचे आजोबा महादेव यांचा जन्म होडीवर गेलेला. इंजिनाच्या धडधडीत माणसांना एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, हातानं बोलतो. जाळं सोड, थांब, वळव, सगळं हातानं. ती सवय घरीही सुटत नाही. एक तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर हात करायचा. नात आजोबांच्या नुसत्या हातावर पळत जाऊन तांब्या आणायची आणि महादेव सगळ्या कोळीवाड्याला कौतुकानं सांगत फिरायचे की पोर खरी दर्यावर्दी निघाली, तिला सांगावं लागत नाही. जीवनला, मैनाच्या नवऱ्याला, पनवेलजवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते बिऱ्हाड करून नवीन पनवेलला आले, तेव्हा कुठं घरात शांतता झाली. त्या शांततेत मैनाच्या लक्षात यायला लागलं.

गणपतीच्या दिवसांत एकदा समृद्धी रस्त्यावरून पुढे चालली होती. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. वाजवत राहिला. पोर बाजूला झाली नाही. शेवटी तो पाय टेकून थांबला आणि मैनाला म्हणाला, बहिरी आहे का? मैना त्याच्या अंगावर धावून गेली होती. घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्यातली घंटा घेतली, खेळत बसलेल्या समृद्धीच्या पाठीमागे उभी राहिली आणि वाजवली. मग पुन्हा वाजवली. मग घंटा पदरानं पुसून जागेवर ठेवली आणि भात टाकला.

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, जीवनलासुद्धा नाही. मैनाची एक मावशी होती, जनी. कोळीवाड्यात तिला नुसतं जनी असं कुणी म्हटलेलं मैनाला आठवत नव्हतं. बहिरी जनी. लग्नाच्या पत्रिका वाटताना बहिरी जनी, मासळीचे वाटे घालताना बहिरी जनी, आणि मेली तेव्हाही बहिरी जनी मेली. आपल्या पोरीच्या नावाआधी तो शब्द लागला की तो मरेपर्यंत निघणार नाही, हे मैनाला पक्कं ठाऊक होतं. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून ती रस्त्यावर समृद्धीच्या मागे चालायची. बाईंना तिनं सांगून ठेवलं होतं की माझी पोर पुढे बसली तरच लक्ष देते, आणि बाईंनी ते ऐकलं होतं. समोरून बोललेलं समृद्धी ओठांवरून, चेहऱ्यावरून उचलायची. समोरून सगळं निभत होतं. म्हणून आवाज समोरूनच यायला हवा होता.

"लहान सेट घ्या," मैना म्हणाली. "मना मोठा नको."

"अगं पण का नको, ते तरी सांग," दमयंती म्हणाली.

मैनानं खोक्याचं झाकण लावून टाकलं.

दमयंतीनं मग स्वतःच तोड काढली. हातच्या काकणाला आरसा कशाला, पोरं येतीलच आता, दोन्ही सेट त्यांच्यासमोर वाजवा आणि त्यांनाच ठरवू दे. स्नेहलला ते पटलं. विनायकनं खोक्यातला स्पीकर काढून परत खिडकीत चढवला, आणि या वेळी त्याला अडवायला मैनाकडे कारण उरलं नव्हतं.

मुलं आली. चपलांचा ढीग पडला, सतरंजी अंथरली गेली. मैनानं समृद्धीचा हात धरला आणि तिला पाणी प्यायला बाहेर न्यायला लागली. पण विनायकनं लहान सेट सुरू केला होता. वूफरमधून ढोल घुमला, तो समृद्धीच्या तळपायांना कळला, आणि ती हात सोडवून आत पळाली. पुढच्या रांगेत ती उभ्यानंच नाचायला लागली. दमयंतीनं मैनाला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, बघ तुझी लेक. मैना हसली.

मग मोठा सेट. विनायकनं वेगळी डीव्हीडी लावली. तिच्यात आधी जंगल होतं, समोर पाणी वाहत होतं, मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. मग पडद्यावर एक रिकामा रस्ता आला. विनायकनं आयांकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे आता बघा. पडद्यावर काहीच नव्हतं. मैना भिंतीला टेकून उभी होती आणि तिची नजर पुढच्या रांगेतल्या लाल रिबिनींवर खिळली होती. देवा, एवढी वेळ जाऊ दे, असं ती मनात म्हणाली.

मागच्या खिडकीतून सायकलची घंटी वाजली.

सगळी मुलं गर्रकन मागे वळली. प्रितम तर गुडघ्यांवर उभाच राहिला. आणि समृद्धीही वळली.

मुलं खिदळत होती, कुठं आहे सायकल, कुठं आहे सायकल, असा एकच गलका झाला. स्नेहल टाळ्या वाजवत होती. विनायकच्या चेहऱ्यावर भाव असा की सायकल त्यानं स्वतःच घडवली. दमयंती म्हणाली, एक तरी पोर दचकलं का गं, उगाच जीव खातेस सगळ्यांचा. स्नेहलनं मैनाकडे पाहून विचारलं, मग मोठा घेऊया ना? मैना हो म्हणणारच होती. मागचे स्पीकर राहिले काय न राहिले काय, आता काही बिघडत नव्हतं. पोर पास झाली होती.

पण मैनानं पाहिलं होतं. सगळी पोरं वळली तेव्हा समृद्धी आधी शेजारच्या प्रितमकडे बघत होती. तो हलला, मग ती हलली. वळल्यावर बाकीच्या पोरांचे डोळे खिडकीवर गेले. समृद्धी खिडकीकडे बघतच नव्हती. ती एकेका पोराचं तोंड बघत होती. पोरं हसली तेव्हा ही हसली, पोरं ओरडली तेव्हा हिनं तोंड उघडलं. आणि मग मान वळवून तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. बरोबर जमलं ना, असं विचारावं तसं. त्या एवढ्याशा तोंडावर जी धास्ती होती ती मैनाला नवी नव्हती. तशीच धास्ती ती स्वतः रोज पोटात घेऊन फिरत होती. मैनाला स्वतःची शरम वाटली.

"परत लावा," ती विनायकला म्हणाली.

विनायकला वाटलं, वहिनींना आवडलं. तो खूश होऊन रिमोट शोधू लागला.

"नुसतं लावू नका. पोरांना डोले मिटायला सांगा आदी."

ही तर आणखी मजा, असं दमयंती म्हणाली. स्नेहलनं मुलांसमोर उभं राहून सांगितलं की आता सगळ्यांनी डोळे गच्च मिटायचे, आवाज जिकडून येईल तिकडे बोट दाखवायचं, लबाडी चालणार नाही. सांगताना तिनं स्वतःचे तळवे डोळ्यांवर ठेवून दाखवलं. समृद्धीनं ते पाहिलं आणि लगेच आपले तळवे डोळ्यांवर दाबून धरले. ती आज्ञाधारक मुलगी होती, फटीतून बघणाऱ्यांतली नव्हती. प्रितम बघत होता, त्याला त्याच्या आईनं टपली मारली.

पाणी वाहिलं. मग पाणी थांबलं आणि रस्ता आला.

घंटी वाजली. सतरंजीवरचे सगळे हात मागच्या खिडकीकडे उठले. पुढच्या रांगेत लाल रिबिनी जागच्या हलल्या नाहीत. घंटी पुन्हा वाजली, या वेळी जवळून. मुलांनी डोळे उघडले, हसली, उड्या मारायला लागली. त्यांच्यामध्ये समृद्धी ताठ बसली होती, टीव्हीकडे तोंड करून, तळवे डोळ्यांवर, काहीतरी सुरू होण्याची वाट बघत.

विनायकचं हसू थांबलं आणि त्यानं रिमोट खाली केला. दमयंतीनं पदर तोंडाला लावला आणि प्रितमला जवळ ओढून गप्प बसवलं.

स्नेहल भिंतीपाशी मैनाजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण तो नेहमीचा बाईंचा आवाजही नव्हता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मना गणपतीपासून माईत हाय," मैना म्हणाली. "तिला कदीपासून माईत हाय, ते नाय माईत."

समृद्धी अजून डोळे मिटून बसली होती.