तेजाबाच्या नळीतली राणी

मी मुंगळ्यांची राणी बोलतेय. राणी म्हटलं की लोकांना मखर दिसतं. माझ्या वाट्याला बोटाएवढी काचेची नळी आली.

टँकरच्या साली एकच सर पडली. त्याच दिवशी मी उडाले, नराशी जुळले आणि पाटोद्याजवळच्या एका दूध संस्थेच्या अंगणात उतरले. पंख माझे मीच मोडून टाकले. तिथं झाडलोट करणाऱ्या भिवराबाईनं मला पानावर उचललं.

या बाईला राण्या पाळायचा नाद. नळीच्या तळाला पाणी, त्यावर कापूस, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. चार वर्षांत एकीचंही बिऱ्हाड वाढलं नव्हतं.

"माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् ही मुंगळ्याला पाजतीय!" नवरा सुग्रीव म्हणायचा.

"माझ्या वाट्याचं पाजते. तुमच्या तांब्यातलं घेतलंय का? पहिलं पिल्लू चालताना एकदा बघायचंय मला."

मी अंडी घातली. कणभर न खाता, अंगातलं झिजवून अकरा अळ्या वाढवल्या.

मग कापसाला बुरशी आली. भिवराबाईनं संस्थेतून दुधातली फॅट मोजायची नळी आणली. त्या मोजणीसाठी नळीत तेजाब, म्हणजे जळजळीत ॲसिड, घालतात. टँकर आठ दिवस फिरकला नव्हता, म्हणून तिनं ती राखेनं घासली, चिंधीनं पुसली. त्या साली घरची भांडीही तशीच निघायची. तळाला राहिलेलं तेजाब नव्या कापसात उतरलं.

दोन्ही नळ्या तोंडाला तोंड लावून तिनं नवीवर फडकं गुंडाळलं. राणी अंधाराकडं जाते, हे तिला ठाऊक. मी गेले. एकेक लेकरू जबड्यात धरून मीच आत नेलं.

सकाळी अकराही काळी पडली होती. माझे पाय जळाले होते.

भिवराबाई तडक संस्थेच्या सेक्रेटरीकडं, त्रिंबककडं गेली. "भाऊ, ही नळी धुतलती का न्हाई?"

"पाणी कुठंय धुवायला?"

"चेअरमनची जीप धुवायला कुठून आलं मग? दारात चिखल झालाय!"

"हळू बोला बाई. मुंगळ्यापायी काम घालवता का?"

एवढ्यावर ती गप्प झाली. नवऱ्याला न भिणारी बाई गप्प झाली! तेजाबापेक्षा मला तेच झोंबलं.

तिनं मला जीपखालच्या चिखलात सोडलं. "इथं तरी वल हाय, बाई. ऱ्हा."

पुन्हा अंडी घालायला अंगात काही उरलं नाही. बायांनो, नाद खुशाल करा, पण राणी उचलण्याआधी नळी धुण्यापुरतं पाणी आहे का बघा. नसेल तर मला मातीत पडू द्या. आणि कुणी दटावलं तर गप्प बसू नका.

चेअरमन आलेत. जीप चालू झालीय. मला सरकता येत नाही.