अकरा मिनिटांचा अंधार

"दर वर्षी तेच नं गं! मला तर आता पाठ झालं. आधी तो बसचा दौरा, मग गर्दी, मग लाइट जाणार, मग तो बेवडा जनरेटरवाला येणार, मग हे सगळे पोट धरून हसणार. आणि मी इकडं साबुदाणावडे तळून राहिली."

फोन खांद्याशी धरून घरधनीण सुहासिनीबाई स्वयंपाकघरात बहिणीजवळ कुरकुरत होत्या. दाराला लागून बेसिन होतं आणि बेसिनशी रुपराव हात धूत उभे होते. मध्ये फक्त एक पडदा.

रुपरावांनी नळ बंद केला. मग पुन्हा सुरू केला आणि धुतलेले हात पुन्हा धुतले. बाहेरच्या खोलीत जायला जेवढा उशीर करता येईल तेवढा करावा, याखेरीज त्यांना काही सुचेना. कारण तो बेवडा जनरेटरवाला आलेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मुलीच्या स्कूटीवर मागे बसून, रविवारी सकाळी साडेदहाला, प्रताप नगरातल्या अनंत सरांच्या याच घरात.

एकसष्ट वर्षांत रुपरावांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यांच्या वडिलांनी पुढच्या दोन पिढ्यांच्या वाटणीची पिऊन ठेवली होती, त्यामुळे घरात तशी गरजही उरली नव्हती. पण अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका पेपरात चार ओळी छापून आल्या होत्या, 'जनरेटर चालक मद्यधुंद'. नाव नव्हतं, हे उपकार. तरी काटोलहून त्यांचे सासरे पहिल्या गाडीने आले, जावयाच्या अगदी जवळ सरकून बसले, पीकपाण्याचं बोलता बोलता तोंडाचा वास घेतला आणि चहा न घेताच परत गेले. वास आला नाही म्हणून समाधान झालं की संशय वाढला, ते रुपरावांना कधी कळलं नाही.

त्यांच्या मुलीला, गुंजनला, यातलं काहीच माहीत नव्हतं. ती तेव्हा जन्मायची होती. ती अनंत सरांच्या हाताखाली विमा कचेरीत काम करायची. एकदा डबा खाताना सरांनी 'ब्रोकन सिग्नल'ची गोष्ट सांगितली. कलकत्त्याची पाच पोरं, इंग्रजी गाणी, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत बसने केलेला एकच दौरा, त्यातला या शहरातल्या मैदानावरचा कार्यक्रम, आणि त्यानंतर बँड जो फुटला तो कायमचा. गुंजनने ते घरी सांगितलं, आणि तिची आई पोळी लाटता लाटता बोलून गेली, "त्या दिवशी तुहे बाबाच तं होते जनरेटरवर."

झालं. गुंजनने ते कचेरीत सांगितलं आणि सरांनी टेबलावर थाप मारली. "अरे! घेऊन ये त्यांना! दर वर्षी आम्ही जुने लोक जमतो माझ्याकडे. तिथला माणूस पाहिजेच!"

रुपरावांनी आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग कळमेश्वरला बोअरचा पंप काढायचा आहे म्हणून सांगितलं, मग पुन्हा गुडघ्याचं. गुंजनने ऐकलं नाही. "बाबा, आयुष्यभर लोकाच्या बोअरीत डोकं घालून बसले. एकदा तं लोकांमदी बसा. मी सगळ्या ऑफिसले सांगून ठेवलं हाय, माह्या बाबांच्या मशीनवर तो प्रोग्राम झाला म्हणून."

तिची ही मान ताठ करून बोलण्याची पद्धत पाहिली की रुपराव पान्हे पुसायला बसायचे.

अनंत सरांनी मुद्दाम काही केलं होतं असं नाही. दर वर्षी ज्या बेवड्याला ते हसत आले, त्याला घर असेल, गुडघे असतील, त्याची मुलगी आपल्याच कचेरीत समोरच्या टेबलावर बसत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गोष्टीतल्या माणसाचा पत्ता कोण विचारतो?

"या जी, रुपरावजी! कुठं हरवले?" बाहेरून सरांनीच हाक मारली. रुपराव गेले आणि सोफ्याच्या अगदी टोकाशी बसले.

खोलीत मोजकीच माणसं होती. अनंत सर, शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या अस्मिता मॅडम आणि औषधाचं दुकान चालवणारे सुमंत. तिघांनीही बँडचं चित्र असलेले काळे टी-शर्ट चढवले होते. चित्रातली पाच पोरं अठ्ठावीस वर्षांपूर्वीइतकीच बारीक होती, पण सुमंतच्या पोटावर ती पाचही जणं चांगलीच सुटली होती.

"मी घरी सांगितलं होतं, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे," अस्मिता मॅडम सांगत होत्या. "संध्याकाळी सहा वाजता प्रॅक्टिकल! आणि बाबांनी विचारलंही नाही, एवढा माझा त्यांच्यावर धाक होता."

"धाक कायचा बे, त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असन," सुमंत म्हणाले. "मी तर दुकानाच्या मागच्या खिडकीतून पळालो. बाबूजींनी गल्लीच्या तोंडाशी धरलं. म्हणाले, पळायचंच हाय तं चप्पल तं घाल!"

गुंजन खळखळून हसली. रुपरावही हसले, एक क्षण उशिरा.

ते ऐकत होते आणि मोजत होते. बसचा दौरा होऊन गेला. मैदानावरची गर्दी होऊन गेली. बोअरमधून पाइप काढताना असंच होतं. एकेक वीस फुटी पाइप वर येतो, बाजूला ठेवायचा, दुसऱ्याला शिकंज्याची पकड लावायची. सगळे पाइप संपले की खालचा पंप येणारच. तो येऊ नये असं वाटून उपयोग नसतो.

"मग ते नदीचं गाणं," अनंत सर म्हणाले आणि खोलीत सगळे जरा सैल होऊन बसले. "आधी फक्त ती बेस गिटार. एकच सूर. घूं... असा. पायाखालून यायचा."

रुपरावांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

तो सूर त्यांना माहीत होता. या तिघांना माहीत होता त्याहून जास्त. स्टेजच्या मागे शंभर फुटांवर ते जनरेटरशी उभे होते. मशीनचा आवाज ते कानाने नव्हे, छातीने ऐकायचे. जरा लोड वाढला तरी त्यांना कळायचं. आणि एकाएकी आवाज बदलला. मशीनच्या सुरात दुसरा एक सूर मिसळला, तसाच जाड, तसाच खालचा. मशीनला काही झालं की काय, म्हणून त्यांनी हात लावून पाहिला. मशीन जागच्या जागी ठीक होती. मग हा आवाज कुठून येतो? ते शोधत निघाले आणि स्टेजच्या मागच्या पडद्याशी येऊन पोचले. फटीतून पाहिलं तर केस वाढवलेला एक पोरगा डोळे मिटून गिटार वाजवत होता. त्या गिटारीतून त्यांचं जनरेटर बोलत होतं.

शब्द एक कळत नव्हता. रुपराव तिथेच उभे राहिले.

साडेसातला डिझेलची दुसरी कॅन टाकीत ओतायची होती. भरलेली कॅन मशीनजवळ तयार ठेवलेली होती. उभ्या आयुष्यात काम सोडून ते एकदाच कुठे उभे राहिले असतील, ते तिथे.

"अन् धाडकन् लाइट गेली!" सुमंत ओरडले. "माइक बंद, गिटार बंद, सगळं काळंकुट्ट!"

"आणि तो गाणारा पुढं आला," अस्मिता मॅडमचा आवाज बारीक झाला. "कानाशी हात नेला फक्त. आणि आपण गायला लागलो. आठ हजार लोक. ड्रमवाला एकटा ठेका धरून होता. अजूनही काटा येतो बघ अंगावर."

रुपरावांच्याही अंगावर आला. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून चालत नाही. नट ढिला करायचा, हाताने पंप मारत बसायचं, फेस यायचा थांबून सरळ धार लागेपर्यंत. ते अंधारात गुडघ्यावर बसून पंप मारत होते आणि पलीकडून आठ हजार लोकांचा आवाज उठला. त्यांना वाटलं, लोक चिडले. लोक आपल्यालाच शोधत येत आहेत. डिझेलने ओले हात नटावरून सारखे निसटत होते आणि आवाज वाढतच होता. ते गाणं होतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

"किती वेळ गायलो असू? पंधरा मिनिटं?" अनंत सर म्हणाले.

"छट्! नऊ," सुमंत म्हणाले. "दर वर्षी तू एक मिनिट वाढवतो. आपण जगलो तर हा अर्धा तास करीन."

"अकरा," रुपराव म्हणाले.

शब्द सुटून गेला होता. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बघा! तिथला माणूस!" अनंत सर खुश झाले. "एवढं पक्कं कसं जी?"

"घड्याळ होतं हातात," रुपराव म्हणाले.

अस्मिता मॅडम मात्र त्यांच्याकडे बघतच राहिल्या. शाळेत एवढी वर्षं काढल्यावर बाईला कळतं, कोणतं पोर फळ्याकडे बघतंय आणि कोणतं फळ्याच्या आड लपतंय. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. गोष्टीतला जनरेटरवाला हाच, हे त्यांना कळलं होतं, आणि ते रुपरावांना कळलं.

आणि नेमके तेव्हाच सुमंत उठले. हे त्यांचं दर वर्षीचं काम. त्यांनी एक हात भिंतीला लावला, दुसऱ्या हातात नसलेली बाटली धरली, डोळे अर्धे मिटले आणि डोलत म्हणाले, "अन् तिकडं आपला हिरो..."

अस्मिता मॅडमनी त्यांचा टी-शर्ट मागून असा ओढला की ते सोफ्यावर आदळले.

"काय गं!"

त्यांनी नुसतं रुपरावांकडे बघितलं. सुमंतनी त्यांच्या नजरेमागून नजर नेली. बाटली धरलेला हात तसाच हवेत होता, तो त्यांनी सावकाश खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"हे कोन होतं सर?" गुंजन हसत विचारत होती. "डुलून कोन राहिलं होतं?"

"तो... प्रेक्षक होता एक," अस्मिता मॅडम म्हणाल्या. "असाच."

अनंत सरांना आता कळलं. ते इतके गोरे होते की त्यांना कळलेलं सगळ्यांना दिसलं. मानेपासून कानापर्यंत लाल. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. अठ्ठावीस वर्षं घरंगळत आलेली गोष्ट पहिल्यांदाच मध्ये अडली होती. स्वयंपाकघरात तेल चुरचुरत होतं.

"पन सर, लाइट गेली काहून?" गुंजनने विचारलं. "जनरेटर तं बाबांचं होतं नं?"

"अगं, बोर्डाची लाइन..." अनंत सर म्हणाले.

"जनरेटरवर बोर्डाची लाइन कशी जाईन सर?"

"पाऊस आला होता," अस्मिता मॅडम घाईने म्हणाल्या.

"फेब्रुवारीत?"

"अवकाळी."

गुंजन हसायची थांबली. ती एकेकाकडे बघू लागली आणि मग बाबांकडे. रुपरावांनी नजर फरशीवर ठेवली. ही सगळी चांगली माणसं होती. त्यांनी एवढ्या वर्षांत जेवढी मजा घेतली होती ती सगळी एका घडीत परत करायला निघाली होती. आणि रुपरावांना ते हसण्यापेक्षा जड जात होतं.

त्या कार्यक्रमाचं कंत्राट घेतलेले दत्तोपंत डेकोरेटरही तसे वाईट नव्हते. त्या दिवशी मैदानावरच म्हणाले होते, "रुपराव, पिऊन होता म्हटलं तर लोक दोन शिव्या देतात अन् विसरतात. डिझेल टाकायचं विसरला म्हटलं तर मले पुन्हा कोणी काम देनार नाही. तू चूप राह्य." रुपराव चूप राहिले. दत्तोपंतांचं सांगणं पटलं म्हणून नव्हे. मशीन सोडून कुठे गेला होतास, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगायचं? इंग्रजी गाणं ऐकायला? त्यापेक्षा दारू सोपी होती. दारू सगळ्यांना समजते. घरी बायकोला सांगितलं, मशीन बिघडली. त्यानंतर जनरेटर सोडून ते पंपाच्या कामाला लागले. जमिनीखाली दोनशे फूट, जिथे कोणी गात नाही.

"मी सांगतो," सुमंत एकदम पुढे सरकले. त्यांना फार मोठी भरपाई करायची होती. "अगं पोरी, मशीनच भंगार होती. त्या कंत्राटदारानं कबाडातली मशीन आणून उभी केली होती. खटारा! तुझे बाबा बिचारे काय करनार? उलट त्यांनी जिवाचं रान करून ती सुरू केली, म्हणून पुढचा प्रोग्राम झाला. सत्कार केला पाह्यजे त्यांचा."

"अगदी!" अनंत सर म्हणाले. "बरोबर आहे."

गुंजनचा चेहरा पुन्हा उजळला. "हाव का बाबा?"

फक्त मान हलवायची होती. एकदा. गुंजन तीच मान ताठ ठेवून उद्या कचेरीत सांगणार होती.

"मशीन चांगली होती," रुपराव म्हणाले.

"नाही, म्हणजे जुनी मशीन..."

"मशीनले नाव नोका ठेवू, भाऊ." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिची सर्विस त्या दिवशी सकाळी मी सोता केली होती. तिच्यात कायबी खराबी नव्हती. डिझेल संपलं होतं. कॅन भरून बाजूले होती, टाकायची राहून गेली."

"कोनाची चूक?" गुंजनने विचारलं.

"माही."

सुहासिनीबाई वड्यांचं ताट घेऊन पडद्यापाशी आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. कोणी कोणाकडे बघेना. रुपराव सोफ्याच्या टोकावरून थोडे मागे सरकले आणि आल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

"हे लोक दर वर्षी ज्या बेवड्याले हासतेत नं, तो मीच होय," ते लेकीला म्हणाले. "पन पिलो नव्हतो वं. गानं ऐकून राहिलो होतो."